आधी मोजा, मग बोला

माझ्या माहेरी, कराडहून पाटणकडे जाणाऱ्या रस्त्याला, भाईजानची एक क्रेन आहे. क्रेन म्हणजे लष्कराने लिलावात काढलेला जुना शक्तिमान ट्रक, त्याच्या पाठीवर लोखंडी बूम आणि वायररोप गुंडाळणारा विंच. कुंभार्ली घाटात एखादी गाडी गटारात उतरली, मालाचा ट्रक कलंडला की रात्री-अपरात्री फोन येतो आणि भाईजान निघतो. त्याच्या घरची चूल या ट्रकवर पेटते, आणि अब्बांची औषधेही त्यातूनच येतात.

माझ्या पिढीतल्या पुष्कळांना शक्तिमान म्हटले की टीव्हीवरची १९९७ सालची मालिका आठवते. पण हा शक्तिमान त्याहून कितीतरी जुना. जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला सरकारी कारखान्यात हे ट्रक बनू लागले. पुढे १९९० च्या दशकात त्यांचे उत्पादन थांबले आणि फौजेत त्यांची जागा स्टॅलियन आणि टाटाच्या गाड्यांनी घेतली. पुढच्या-मागच्या दोन्ही धुऱ्यांना इंजिनची ताकद मिळते, म्हणून चिखलात आणि चढावर हा ट्रक मागे हटत नाही. फौजेतून निवृत्त झाल्यावर असे ट्रक कुणी जंगलात लाकूड ओढायला घेतले, कुणी क्रेन करायला. आमचा त्यांतलाच एक.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. यंत्राशी माझा संबंध अब्बांमुळे. अब्बांनी चाळीस वर्षे गाड्यांच्या वायरिंगचे दुकान चालवले. चौथीपर्यंत शिकलेले. कंपनीचे इंग्रजी पत्रक आले की मी शाळेतून आल्यावर ते वाचून दाखवायचे आणि ते मला दखनीत त्याचा अर्थ सांगायचे. शब्द माझे, अर्थ त्यांचा. आता ते पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. काचबिंदूने नजर जवळजवळ गेली आहे. उजेड आणि सावली एवढेच कळते. दुकान बंद करून सहा वर्षे झाली.

गेल्या पावसाळ्यात भाईजानच्या ट्रकला चार्जिंगचा रोग लागला. डॅशबोर्डवरचा लाल दिवा मधूनच मिणमिणायचा. घाटात दोन तास दिवे लावून काम केले की बॅटऱ्या बसायच्या. सकाळी सेल्फ मारला की नुसता 'टक्' आवाज. मग गाडी रोज रात्री उतारावर उभी करायची आणि सकाळी ढकलून गिअरमध्ये चालू करायची, असा रिवाज पडला. दोनदा असे झाले, की भर रात्री घाटात ट्रक बंद पडला आणि ज्या क्रेनने दुसऱ्याला ओढायचे तिलाच ओढायला दुसरी क्रेन बोलवावी लागली. त्या धंद्यात याहून मोठी नामुष्की नाही. फोन कमी झाले. ट्रकवर कर्ज होते, त्याचा हप्ता मात्र दर महिन्याला वेळेवर येत होता.

पाच महिन्यांत तीन अल्टरनेटर बसवले. एक जुना काढून रिवाइंडिंग केलेला, तो जळाला. दुसरा बसवला, तोही जळाला. तिसरा बसवला आणि लाल दिवा पुन्हा मिणमिणू लागला. शेवटी भाईजानचा राग हेल्परवर निघाला. एकोणीस वर्षांचा पोरगा, नववीतून शाळा सोडलेला. वडील नाहीत, आई मेसच्या चपात्या लाटते, धाकटी बहीण सातवीत. तिन्ही अल्टरनेटर त्यानेच बसवले होते. भाईजानचे म्हणणे साधे होते: "हा हात लावतो आणि माल जळतो. याला कामच येत नाही. महिनाअखेर हिशोब करून टाकतो."

ही गोष्ट नुसती नोकरी जाण्याची नव्हती. गॅरेजच्या लाइनीत बातमी लवकर फिरते. 'त्या पोराने तीन अल्टरनेटर जाळले' हे एकदा पसरले की कराडपासून चिपळूणपर्यंत कुणी त्याच्या हातात पाना दिला नसता.

हे अब्बांच्या कानावर गेले. त्यांनी मला फोन केला. "रविवारी सुट्टी आहे ना? ये. मीटर वाचायचा आहे."

मी म्हटले, "अब्बा, मीटर तर तो पोरगाही वाचेल."

"त्याच्यावरच आळ आहे. त्याने वाचलेला आकडा तुझा भाऊ मानील का? आणि भाऊ वाचील तो पोरगा मनातून मानणार नाही. तू ये."

रविवारी गेले. अब्बांनी आधी मला हातातल्या बांगड्या आणि घड्याळ काढायला लावले. बॅटरीच्या दोन टोकांवर धातूची बांगडी टेकली तर ती क्षणात लालबुंद होते, हात भाजतो. हे त्यांनी मला लहानपणीही सांगितले होते. मग खुर्ची मागवून ते बॅटरीच्या पेटीशेजारी बसले आणि भाईजानला म्हणाले, "अल्टरनेटरला हात लावायचा नाही. तो सगळ्यांत शेवटी."

त्यांचे कारण वाचकांनाही उपयोगी पडेल, म्हणून थोडे समजावून सांगते. गाडीची बॅटरी म्हणजे घरावरची पाण्याची टाकी आणि अल्टरनेटर म्हणजे टाकी भरणारी मोटर. टाकी रिकामी राहिली की आपण मोटरला दोष देतो. पण पाइप कुठे तुंबला असेल, टाकीला चीर असेल, तर मोटर बदलून काय होणार? आणि विजेला जायला जशी वाट लागते तशी परतायलाही लागते. गाडीत परतीची वाट म्हणजे गाडीचे लोखंडच. त्याला 'अर्थ' म्हणतात. जायची वायर जाड असते, डोळ्यांना दिसते. परतीची वाट दिसत नाही, म्हणून तिकडे कुणी बघत नाही.

अब्बांचा क्रम ठरलेला: आधी पट्टा, मग बॅटरी, मग वायरी आणि अर्थ, आणि शेवटी अल्टरनेटर. पट्टा त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिला. ठीक होता. ढिला असता तर पुली घसरते, आणि दिवे लावले की किंचाळल्यासारखा आवाज येतो.

मग बॅटऱ्या. आमची गाडी २४ व्होल्टची. १२-१२ च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. इंजिन बंद ठेवून मी मीटरच्या पिना टेकवल्या. एक बॅटरी १२.४, दुसरी ११.९. अब्बा म्हणाले, "दशांशानंतरचा आकडा गिळायचा नाही. पुरी भरलेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ ते १२.७ दाखवते. १२ वर आली म्हणजे तळाशी थोडेच उरले. दोन बहिणींना एकच जेवण मिळते, मग एक बारीक का?"

हेल्परने हळूच सांगितले, की केबिनमधला टेप आणि मोबाइलचे चार्जर एकाच बॅटरीवरून घेतले आहेत, कारण ते १२ व्होल्टचे. अब्बांनी मान हलवली. २४ च्या जुन्या गाड्यांत हे सर्रास चालते. एकाच बॅटरीतून खर्च होतो आणि भरताना दोघींना सारखाच प्रवाह मिळतो. खर्च होणारी कधी पुरती भरत नाही. दुसरी मात्र चार्जिंग नीट झाले की उकळते, तिचे पाणी उडते. दोघी वेळेआधी मरतात. त्यासाठी २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो, तोच बसवावा. "हा एक रोग. पण आपला मोठा रोग हा नाही," अब्बा म्हणाले.

गाडी ढकलून चालू केली. हेल्परने रेस थोडी वाढवून धरली, हेडलाइट आणि मागचे कामाचे दिवे लावले. दिवे लावल्याशिवाय मोजू नये, असे अब्बांचे सांगणे. बोजा नसताना खराब वाटही चांगली दिसते. मी अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टवर एक पिन आणि त्याच्याच बॉडीवर दुसरी पिन टेकवली. २७.९.

"वाच पुन्हा."

"२७.९, अब्बा."

"माल ठीक आहे. २४ च्या गाडीला साधारण साडेसत्तावीस ते साडेअठ्ठावीस पाहिजे. आता बॅटरीवर बघ."

दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांना मिळून २५.९. मोटर पुरे पाणी फेकत होती, पण टाकीपर्यंत दोन व्होल्ट कमी पोचत होते. भाईजान पुढे झुकून मीटर बघायला आला. त्याचा चेहरा त्या क्षणी थोडा बदलला. पाच महिन्यांत तीन अल्टरनेटर बदलले होते, पण या दोन जागी एकापाठोपाठ मीटर कुणीही लावला नव्हता.

दोन व्होल्ट कुठे हरवतात ते शोधायची अब्बांची रीत मला फार आवडली. मीटरची एक पिन वाटेच्या एका टोकाला आणि दुसरी दुसऱ्या टोकाला लावायची. वाट साफ असेल तर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. जो आकडा येईल तो त्या वाटेत वाया गेलेला व्होल्ट. अल्टरनेटरच्या बोल्टपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत ०.२ आले. चालण्यासारखे. अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत १.८. म्हणजे परतीची वाट तुंबली होती.

मग त्या वाटेचे तुकडे पाडले. अल्टरनेटरची बॉडी ते इंजिन: ०.०. इंजिन ते चासी: १.७. चासी ते बॅटरीचा मायनस: ०.१. मी आकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि बेरीज केली. १.८ आली. शाळेत ताळा करायला शिकवतात तसे अब्बांनी तोंडी ताळा केला आणि म्हणाले, "सापडला."

इंजिन रबराच्या पॅडवर बसलेले असते, म्हणजे ते लोखंडाच्या चासीला थेट चिकटलेले नसते. दोघांना जोडायला तांब्याच्या तारांचा विणलेला एक पट्टा असतो. आमच्याकडे त्याला अर्थचा पट्टा म्हणतात. अब्बा उठले, पोराच्या खांद्यावर हात ठेवून इंजिनच्या बाजूला गेले आणि बोटांनी चाचपत राहिले. आधी त्यांच्या हाती अॅक्सिलरेटरची केबल आली. तिच्यावरचे प्लास्टिक एके ठिकाणी वितळून कडक झाले होते. "हे बघा. हमरस्ता बंद झाला की लोक पायवाटेने जातात. सेल्फ मारताना वीज या केबलमधून परतायला बघत होती." मग पट्टा सापडला. वरून धडधाकट. पाना लावून थिंबल सोडवला, तर त्याच्याखाली चासीचा हिरवा रंग तसाच होता. नवा, गुळगुळीत रंग, आणि कडेने गंज.

पावसाळ्याच्या तोंडावर चासी घासून रंगवली होती. रंगाऱ्याने पट्टा सोडवला, रंग मारला आणि वाळल्यावर थिंबल रंगावरच कसला. बोल्टच्या आट्यांमधून जेवढी वीज जायची तेवढ्यावर गाडी चालत राहिली. पावसाळ्यात आट्यांना गंज चढत गेला तशी वाट अरुंद झाली. अब्बा लगेच म्हणाले, "रंगाऱ्याला शिव्या देऊ नका. त्याला विजेचे काय ठाऊक? तिथे रंग लावायचा नाही हे सांगायचे काम गाडीवाल्याचे."

इथे खरे तर गोष्ट संपायला हवी होती. चार्जिंग का होत नव्हते ते कळले. पण दोन अल्टरनेटर जळले का, हे कळले नव्हते, आणि आळ तर त्याचाच होता.

अब्बांनी रिवाइंडिंगच्या दुकानाच्या पावत्या मागवल्या. मी वाचून दाखवल्या. दोन्हींवर एकच ओळ होती: 'डायोड प्लेट बदलली.' अब्बा गप्प बसले. मग पोराला म्हणाले, "बेटा, या पाच महिन्यांत तू जे जे पाहिलेस ते सगळे सांग. चूक असो, बरोबर असो. मला दिसत नाही, तुझ्या डोळ्यांनी बघायचे आहे."

पोरगा भाईजानकडे बघत होता. मग बोलू लागला. "उस्ताद, एकदा घाटात दुसऱ्या क्रेनवाल्याने जंप दिला होता. आधी दोन्ही क्लिपा बॅटरीला लावल्या, तर सेल्फ फिरेना. मग त्याने काळी क्लिप इंजिनच्या लोखंडाला लावली. एका झटक्यात चालू झाली. मला तेव्हाच वाटले होते."

अब्बांनी कपाळाला हात लावला. ज्या गोष्टीसाठी आम्ही सकाळपासून तुकडे पाडत होतो तिचा पुरावा या पोराच्या डोळ्यांसमोर महिन्यापूर्वीच घडून गेला होता. काळी क्लिप इंजिनला लागली, म्हणजे विजेला तुंबलेला पट्टा ओलांडावा लागला नाही. "हे सांगितले का नाहीस?" असे अब्बांनी विचारले नाही. ते म्हणाले, "तुला विचारले का नाही कुणी?"

मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. "गाडी चालू असताना बॅटरीचे टर्मिनल कुणी काढले होते?"

पोराने मान खाली घातली. तो काहीच बोलला नाही. मी त्याला तेव्हा नीट पाहिले. वर्गात अशी मुले असतात. खिडकीची काच फोडणाऱ्याला त्यांनी पाहिलेले असते, छडी त्यांच्यावरच येणार असते, तरी नाव सांगत नाहीत. भीतीही असते आणि एक प्रकारची अदबही.

थोड्या वेळाने भाईजानच म्हणाला, "मी काढले होते, अब्बा. दोन्ही वेळा. नवा माल बसवला की चार्जिंग करतो की नाही बघायला. तुम्हीच तर दुकानात तसे बघायचात."

"मी डायनामोच्या गाडीवर बघत होतो," अब्बा म्हणाले. "पेट्रोलच्या जीपवर. तीस-चाळीस वर्षे झाली त्याला."

डायनामो आणि अल्टरनेटर यांतला हा फरक प्रत्येक गाडीवाल्याने ध्यानात ठेवावा. जुन्या पेट्रोल गाडीत प्लगला ठिणगी लागते. बॅटरीचे टर्मिनल काढूनही इंजिन चालू राहिले तर डायनामो वीज देतोय असे धरत. डिझेलच्या इंजिनला ठिणगी लागतच नाही. जुन्या पंपाचे डिझेल इंजिन एकदा चालू झाले की विजेशिवाय चालत राहते. म्हणजे त्या परीक्षेतून काही कळतच नाही. उलट अल्टरनेटर भरधाव वीज देत असताना बॅटरी अचानक तुटली तर व्होल्ट एकदम उसळतो. ती उसळी एरवी बॅटरी गिळते. बॅटरी नसली की ती डायोडवर येते. एखादे वेळी डायोड तगतो, एखादे वेळी जातो. शिवाय तो गंजलेला अर्थ खड्ड्यात हादरून क्षणभर सुटला तरी हेच होणार. दोनपैकी कशाने कोणता अल्टरनेटर गेला ते सांगता येणार नाही, असे अब्बा म्हणाले. पण पोराच्या हाताने एकही गेला नाही, हे सांगता येत होते.

भाईजान काही बोलला नाही. उठून आत गेला. भाभीने चहा पाठवला. तो पोरगा सँडपेपर घेऊन चासीचा रंग घासत बसला होता. चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासले, दात्यांचा वॉशर घातला, थिंबल कसला, वरून ग्रीस लावले. जोडीला दुसरा नवा पट्टाही टाकला. सगळा खर्च काही शे रुपयांचा. पुन्हा दिवे लावून मोजले. इंजिन ते चासी ०.१ सुद्धा भरत नव्हते. बॅटरीवर २७.५. मी आकडा वाचला तेव्हा भाईजान दारात उभा होता.

वाचक भगिनींनो, तुमच्यापैकी कितीतरी घरांत रिक्षा आहे, टेम्पो आहे, पिकअप आहे. गाडी पुरुषांची असली तरी तिच्या दुरुस्तीचा खर्च घरखर्चातूनच जातो. म्हणून तुम्हालाही हे ठाऊक असावे. चार्जिंगची तक्रार आली की 'काय बदलायचे?' याआधी 'किती आले?' असे विचारा. बॅटरीवर किती, अल्टरनेटरवर किती, दिवे लावून किती. १२ व्होल्टच्या साध्या गाडीत चालू इंजिनवर बॅटरीला साधारण पावणेचौदा ते सव्वाचौदा यावे. साधा मीटर फार महाग नसतो, आणि तो वाचायला इंजिनियर व्हावे लागत नाही. दोन जागी मोजले आणि आकड्यांत मोठा फरक आला, तर मधली वाट तपासा.

माणसांचेही असेच होते, असे मी लगेच म्हणणार होते, पण अब्बांना अशी तुलना आवडत नाही. ते म्हणतात, लोखंडाला मन नसते, म्हणून त्याच्यावर खोटा आळ घेतला तर फक्त पैसे जातात. माणसावर घेतला तर जे जाते ते कुठल्या दुकानात मिळत नाही. त्या घरात राग होता, कर्ज होते, रात्रीची जागरणे होती. अशा वेळी ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याकडेच बोट जाते. मुलाकडे, सुनेकडे, कामवाल्याकडे. बोट दाखवणारा खोटे बोलत नसतो. त्याने मोजलेले नसते, इतकेच.

उर्दूत शिक्षकालाही उस्ताद म्हणतात आणि मिस्त्रीलाही. मी वीस वर्षे पहिल्या अर्थाने तो शब्द शिकवत आले. त्या रविवारी दुसराही अर्थ पुन्हा कळला. नजर गेलेल्या उस्तादाने सगळ्यांत आधी ओळखले, की डोळे असलेल्या एका माणसाला कुणी विचारलेच नाही.

पोरगा कामावर आहे. दर रविवारी तो दिवे लावून तीन आकडे वहीत लिहितो आणि अब्बांना वाचून दाखवतो. त्याचे आकडे सुरेख आहेत, शुद्धलेखन कच्चे आहे. मी त्याच्याकडून १७ नंबरचा फॉर्म भरून घेतला. खासगीरीत्या दहावीला बसता येते, आणि दहावी झाली की आयटीआयचा रस्ता उघडतो. तो 'बघू आपा' म्हणतो. आईच्या चपात्या, बहिणीची फी आणि घाटातले रात्रीचे फोन यांच्यामधून अभ्यासाला वेळ किती मिळेल, मला सांगता येत नाही. मराठीचा एक धडा मात्र दर आठवड्याला होतो, ट्रकच्या पायरीवर बसून.

भाईजानने पोराची माफी मागितली का, असे मला भाभीने विचारले. शब्दांनी मागितली नाही. आमचा भाऊ तसा नाही. पण महिनाअखेर हिशोब झाला तेव्हा पाकिटात मागच्या दोन महिन्यांचे कापलेले पैसेही होते. आणि पुढच्या रविवारी त्याने मला एक पत्र्याचा तुकडा आणि पांढऱ्या रंगाची डबी दिली. "तुझे अक्षर चांगले आहे. लिहून दे: इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढू नये."

"मराठीत की उर्दूत?" मी विचारले.

"दोन्हीत," तो म्हणाला. "मराठीत ड्रायव्हर लोकांसाठी. उर्दूत माझ्यासाठी."